तात्यापाऱ्याचा पारा रात्री का उतरत नाही?



रायपुरात 'पारा' म्हणजे वस्ती. ब्राह्मणपारा, बूढापारा, तात्यापारा. हा इथल्या छत्तीसगढी बोलीतला शब्द. आमच्या घरात मात्र मराठीतला पाराही होता, कारण आजोबांनी ओसरीच्या खांबाला लाकडी पट्टीचा एक तापमापक टांगून ठेवला होता. त्यामुळे मे महिना आला की "तात्यापाऱ्याचा पारा चढला" हा विनोद ठरलेला. तो इतक्या वेळा झालाय की आता कोणी हसत नाही. आज मला बोलायचंय ते पारा चढण्याबद्दल नाही, तो रात्री उतरत का नाही याबद्दल. आणि हा प्रश्न मला पुस्तकामुळे पडला नाही, काकूंमुळे पडला.

काकू पंच्याऐंशीच्या. आमच्या जुन्या घराचे कवेलू वीसेक वर्षांपूर्वी उतरले, वर मजला चढला, स्लॅब पडला. "वर वारा लागतो" म्हणून काकूंनी वरची खोली स्वतःच मागून घेतली. गेल्या मे महिन्यात मी रोज रात्री मोबाइल बघून त्यांना सांगायची, "काकू, पहाटे अठ्ठावीसवर येणार आहे, कूलर लावा आणि निवांत झोपा." एका पहाटे त्या उठल्या त्या भेलकांडतच. बोलणं असंबद्ध, अंग गरम आणि कोरडं. दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, दोन दिवसांनी घरी आल्या. डॉक्टरांनी दुपारच्या उन्हाबद्दल फारसं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "या रात्री झोपतात कुठे?"

बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता. घरी आल्यावर एक साधा डिजिटल तापमापक आणला आणि काकूंच्या खोलीत ठेवला. रात्री बारा वाजता त्यावर ३६ होते. मोबाइल ३१ म्हणत होता. आणि दोघंही खरं बोलत होते.

ते कसं, हे आधी बघू. हवामान खातं तापमान मोजतं ते एका ठरलेल्या रीतीने. पांढरी रंगवलेली, झिलमिळ्यांची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, मोकळ्या जागी, शक्यतो खाली गवत. आत सावली, पण हवा खेळती. हिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती बनवणारे टॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारे इंजिनियर होते, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. पेटी मुद्दाम अशी ठेवतात, कारण तिला हवेचं तापमान मोजायचं असतं, भिंतीचं, डांबराचं किंवा उन्हाचं नव्हे. तसं केलं तरच नागपूरचा आकडा रायपूरच्या आकड्याशी आणि आजचा आकडा पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

रायपुरात अशी मोजमापं लालपूरला होतात, माना विमानतळावर होतात. तात्यापाऱ्यात होत नाहीत. आमच्या गल्लीत ती पेटी ठेवायला नियमाप्रमाणे मोकळी जागाच सापडणार नाही! मोबाइलवरचं ॲप तर बरेचदा संगणकाने काढलेला अंदाज दाखवतं, आजूबाजूच्या कित्येक किलोमीटरचा मिळून एक. म्हणजे मी काकूंना विमानतळाजवळच्या गवतावरची हवा सांगत होते आणि त्या झोपल्या होत्या स्लॅबखाली.

आकड्यावर आंधळा विश्वास नको तसा आंधळा अविश्वासही नको. २०२४ च्या मे अखेरीस दिल्लीजवळच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवले आणि नागपुरातल्या एका केंद्राने तर ५६. दोन्ही आकडे देशभर फिरले. पुढे हवामान खात्याने तपासणी केली. मुंगेशपूरचा संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता, नागपूरचाही बिघडलेला निघाला. त्या दिवसांत मला नातेवाइकांचे फोन आले, "तुमच्याकडे साठ झालं का?" झालं नव्हतं.

आता जरा दूरून बघू. तुमच्यापैकी कोणी मुंबईत असेल, कोणी पुण्यात, इंदुरात, बेळगावात. प्रत्येक गावाचा उन्हाळा वेगळा का? शहराला दोष देण्याआधी भूगोलाचा वाटा बाजूला काढायला हवा, नाहीतर सगळाच हिशेब चुकतो.

मुंबईत मे महिन्यात दिवसाचं तापमान सरासरी तेहतीस-चौतीस, रायपुरात बेचाळीसच्या आसपास. आठ अंशांचा फरक. रात्रीचं बघा, मुंबईत सत्तावीस आणि रायपुरात अठ्ठावीसच्या आसपास. फरक जवळजवळ संपला. समुद्र हळू तापतो, हळू निवतो आणि दुपारी खारा वारा आत पाठवतो, म्हणून मुंबईचा दिवस आणि रात्र एकमेकांना धरून असतात. आमच्याकडे समुद्र शेकडो किलोमीटर दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा आग, आणि रात्री ती उष्णता आकाशात निघून जायला वाट मोकळी. पुण्याला उंचीचा फायदा. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर चढलं की हवा तीन-साडेतीन अंशांनी उतरते. आमच्या छत्तीसगढात जगदलपूर साधारण तेवढ्याच उंचीवर आहे आणि तिथला मे महिना रायपूरपेक्षा सुसह्य असतो. त्यात आजूबाजूला जंगल आहे, ते वेगळंच.

नागपूर आणि रायपूर मात्र उन्हाळ्यात सख्खी भावंडं. एकाच अक्षांशावर, दोन्ही तीनशे मीटरच्या आसपास, दोन्ही समुद्रापासून लांब. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या बरोबर मराठी कुटुंबं इकडे आली तेव्हा उन्हाची तरी नव्याने सवय करावी लागली नसणार. वाळ्याचे पडदे, पन्हं, कांदा सगळं शिदोरीत होतंच. इथे त्यात भर पडली बोरे बासीची, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात. आमच्या घरात तो दहीभाताचा चुलतभाऊ समजला जातो.

एवढा भूगोल बाजूला काढल्यावर जे उरतं ते शहराचं. एकाच दिवशी, एकाच उंचीवर, गावाबाहेरची हवा आणि गावातली हवा यांत जो फरक पडतो त्याला शास्त्रज्ञ 'उष्णतेचं बेट' म्हणतात. नकाशावर समान तापमानाच्या रेषा काढल्या की थंड समुद्रात बेट वर यावं तसं शहर दिसतं, म्हणून बेट.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते ल्यूक हॉवर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने. धंद्याने औषधं बनवणारा, छंदाने ढग बघणारा. ढगांना आज आपण जी लॅटिन नावं देतो, ती पद्धतही त्याचीच. त्याने लंडनच्या आत आणि बाहेर वर्षानुवर्षं तापमान नोंदवलं आणि १८१८ ते १८२० या काळात लंडनच्या हवामानावर दोन खंड काढले. त्यात त्याने लिहिलं की रात्री शहर बाहेरच्यापेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे दोन अंश सेल्सियसने गरम असतं. दिवसा? दिवसा शहर किंचित थंडच असतं.

हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं होतं, शिकवलंही होतं. काकू आजारी पडल्यावर ते मला खऱ्या अर्थाने ऐकू आलं.

आपल्याकडे १९७० च्या दशकात डॅनियल आणि कृष्णमूर्ती या हवामानशास्त्रज्ञांनी पुणे आणि मुंबईच्या तापमानाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पण आमच्या रायपूरसारख्या गावांसाठी सगळ्यात मोलाचं काम मला वाटतं ते २०१७ चं. आयआयटी मुंबईच्या हिमांशू शास्त्री, सुबिमल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहावरून भारतातल्या ८४ शहरांच्या जमिनीचं तापमान तपासलं. त्यांना दिसलं की पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात, भर दिवसा, बहुतेक शहरं आजूबाजूच्या ग्रामीण भागापेक्षा थंड असतात. गरम नव्हे, थंड. रात्री मात्र चित्र पालटतं आणि शहरं गरम दिसतात.

पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. पण मे महिन्यात रायपुराबाहेर अभनपूरच्या किंवा आरंगच्या रस्त्याने जाऊन बघा. छत्तीसगढला 'धान का कटोरा' म्हणतात, पण मे महिन्यात तो कटोरा रिकामा असतो. कापणी केव्हाच झालेली, शेतं उघडी, जमीन भेगाळलेली, नजर जाईल तिथपर्यंत पिवळट करडी माती. तिच्यात ओल नाही, म्हणजे उन्हाची उष्णता बाष्पात खर्च होण्याची सोय नाही. ती जमीन दुपारी शहराइतकी, कधी शहरापेक्षाही जास्त तापते. शहरात निदान झाडं आहेत, नळाचं पाणी पडतं, बागा आहेत, इमारतींची सावली आहे.

एक लिटर पाणी वाळायला जेवढी उष्णता लागते ती हजार वॉटची शेगडी चाळीस मिनिटं चालवण्याइतकी असते. आमचे कूलर याच हिशेबावर चालतात. ओली जमीन आणि झाडाचं पान म्हणजे वीज न खाणारा कूलर. म्हणूनच पावसाळ्यानंतर, आश्विनात, शेतं हिरवीगार झाली की हिशेब फिरतो आणि दिवसाही शहर बाहेरच्यापेक्षा गरम ठरू लागतं. म्हणजे तुमच्या गावाचं बेट किती गरम, हे गावाबाहेर काय पेरलंय त्यावरही ठरतं.

आता रात्र. स्वयंपाकघरात चला. पापड भाजला की क्षणात तापतो आणि ताटात पडेपर्यंत निवतो. जाड लोखंडी तवा तापायला वेळ घेतो, पण गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासानेही हात लावून बघा! कोरडी माती पापडासारखी. तिच्यातून उष्णता खोल जात नाही, वरचा पातळ थर तेवढा तापतो, आणि सूर्य मावळला की तो थर भराभर निवतो. काँक्रीट, डांबर आणि पक्की वीट तव्यासारखी. दिवसभर उष्णता आत मुरत जाते. चार-पाच इंची स्लॅबमधून ती खालच्या बाजूला पोचायला तीनेक तास लागतात, नऊ इंची भिंतीतून सहा-सात. म्हणजे दुपारी दोनचं ऊन स्लॅबमधून संध्याकाळी पाचला आणि भिंतीतून रात्री नऊला तुमच्या खोलीत येतं. काकूंच्या पलंगाला एक बाजू पश्चिमेच्या भिंतीची होती.

कवेलूचं घर याच्या उलट वागायचं. दोन थरांच्या मातीच्या नळ्या, मध्ये हवा, फटींमधून वारा. दिवसा ते छप्पर तापायचं, पण उष्णता साठवायला त्याच्याकडे वस्तुमानच नव्हतं. मला जुन्या घरांचं गाणं गायचं नाही. पावसाळ्यात ते गळायचं, माकडं कवेलू फोडायची आणि दरवर्षी छप्पर चाळायला माणूस शोधावा लागायचा. पण रात्री त्याखाली झोप लागायची, हेही खरं.

दुसरी गोष्ट गल्लीची. रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता अदृश्य किरणांनी आकाशाकडे फेकत असते. मोकळ्या शेताला सगळं आकाश दिसतं. तात्यापाऱ्यातल्या गल्लीत उभं राहून मान वर करा, आकाशाची एक पट्टी दिसेल. या भिंतीने फेकलेली उष्णता समोरच्या भिंतीवर जाते, समोरची परत हिच्यावर. कॅनडातल्या व्हँकुव्हरचे हवामानशास्त्रज्ञ टिम ओक यांनी दाखवून दिलं की रस्त्यावरून आकाश जितकं कमी दिसतं, तितकं रात्रीचं बेट तीव्र. तीच गल्ली दुपारी मात्र सावली देते. शारदा चौक ते तात्यापारा चौक रस्ता रुंद करायचा विषय आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. वाहतुकीसाठी तो हवाच, पण उन्हाच्या हिशेबात रुंदीकरण दुधारी आहे. रात्री उष्णतेला वाट मिळेल, दुपारी डांबर उघडं पडेल. कडेने झाडं लावणार असाल तर सौदा बरा. नुसतंच डांबर वाढणार असेल तर नाही.

तिसरी गोष्ट एसी. दीड टनाचा एसी जोरात चालतो तेव्हा खोलीतली सव्वापाच किलोवॉट उष्णता ओढतो, त्यात स्वतः खाल्लेली दीडेक किलोवॉट वीज मिळवतो आणि सगळं गल्लीत ओततो. शेजाऱ्यांचा एसी काकूंच्या खिडकीसमोर होता. यात शेजाऱ्यांचा दोष नाही, त्यांच्याही घरात लहान बाळ आहे. पण एकाची झोप दुसऱ्याच्या खिडकीत गरम हवा बनून येते, एवढं खरं.

माझ्या पिढीतली मंडळी लगेच म्हणतील, "तलाव बुजवले, म्हणून." रायपूर तलावांचं गाव होतं, यात शंका नाही. बूढा तालाब आहे, कंकाली तालाब आहे, तेलीबांधा आहे. रजबंधा मैदानाच्या नावातला बांध तलावाचाच, तलाव गेला आणि मैदान राहिलं. पण इथे थोडं सांभाळून बोलायला हवं. तलाव दिवसा बाष्पीभवनाने हवा गार करतो. रात्री मात्र पाणी समुद्रासारखंच वागतं, दिवसाची ऊब धरून ठेवतं, आणि उत्तररात्री काठच्या मातीपेक्षा तेच गरम असू शकतं. बूढा तालाबाच्या काठी संध्याकाळी बरं वाटतं त्यात पाण्याइतकाच मोकळ्या आकाशाचा आणि अडथळ्याविना येणाऱ्या वाऱ्याचा हात असतो. तलाव वाचवा, जरूर वाचवा, पूर आणि भूजलासाठी तर नक्कीच. फक्त काठावर इमारतींची भिंत उभी करून मध्ये पाणी ठेवलं तर रात्रीच्या उकाड्याला त्याचा उपयोग थोडाच.

रात्र एवढी महत्त्वाची का? झोपेत शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. त्यासाठी रक्त त्वचेकडे धावतं आणि उष्णता बाहेर टाकतं. आजूबाजूच्या भिंतीच पस्तीस-छत्तीसवर असतील तर टाकणार कुठे? हृदय रात्रभर राबत राहतं. सकाळी माणूस विश्रांती घेऊन नाही, पाळी करून उठतो, आणि पुढचा दिवस तिथून सुरू होतो. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी आणखी कमी करतात. काकूंच्या बाबतीत हे दोन्ही होतं.

हवामान खात्याच्या यादीत 'उष्ण रात्र' असा प्रकार आहे. दिवसाचं तापमान चाळीस किंवा वर असेल आणि रात्रीचं सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त वाढलं तर तो इशारा देतात. आपल्या बातम्यांत मात्र मथळा मिळतो तो दुपारच्या पंचेचाळीसला. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेने नेहमीपेक्षा तेराशेवर जास्त माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी केले. पाणपोया, दुपारी कामाला सुट्टी, दवाखान्यात तयारी, हे सगळं त्यात येतं आणि ते हवंच. पण स्लॅबखालच्या रात्रीपर्यंत पोचणारी गोष्ट म्हणजे छपरांना पांढरा रंग. तोही अहमदाबादेत वस्त्यांमध्ये देऊन बघितला.

तो आम्ही यंदा एप्रिलमध्ये दिला. जुनं काळवंडलेलं स्लॅब पाऊण ऊन पिऊन टाकतं, ताजा चुना उलट पाऊण ऊन परत पाठवतो. चुन्यात थोडा फेव्हिकॉल, दोन हात, खर्च किरकोळ. पावसाळ्यात धुऊन जातो, दर उन्हाळ्यात पुन्हा द्यावा लागतो. गच्चीवर पाय भाजत नाहीत, हा पहिला पुरावा.

दुसरं म्हणजे दोन तापमापक, एक खोलीत, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेल्याशिवाय खिडक्या उघडायच्या नाहीत आणि एकदा गेला की सगळ्या सताड. आम्ही पूर्वी संध्याकाळी सहालाच "हवा येऊ दे" म्हणून उघडायचो आणि गरम हवा आत घ्यायचो. कूलर बंद खोलीत लावायचा नाही, समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा तिथेच कोंडते आणि घाम वाळत नाही. जूनमध्ये ढग आले, दमटपणा वाढला की कूलरचा भरवसा धरायचाच नाही, तेव्हा फक्त पंखा.

तिसरं, आणि खरं तर पहिलं, काकूंचा पलंग खाली आणला, मधल्या खोलीत. तिच्या डोक्यावर स्लॅब आहे पण त्या स्लॅबवर ऊन नाही, वरची खोली छत्रीसारखी उभी आहे. यासाठी आम्हाला चार दिवस वाद घालावा लागला, कारण खाली वारा नाही हे काकूंचं म्हणणं खरंच होतं. मी तापमापक त्यांच्या हातात दिला. रात्री बारा वाजता वर नेला, मग खाली आणला. चश्मा लावून त्यांनी दोन्ही आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिले.

आता रोज लिहितात. तक्रार डासांची असते.